अँपिअर-तास, किलोकूलोम आणि पेत्कामाईचा हात

३ सप्टेंबर, सोमवार
नवं मशीन आलं. जुनं जुलैत जळलं. तेव्हापासून टाकीतलं चांदीचं द्रावण आणि मी, दोघंही नुसते बसून होतो. आता कामाला लागायचं.

मशीनमध्ये खोट एकच. जुनं मशीन गेलेली वीज अँपिअर-तासांत मोजायचं, हे किलोकूलोममध्ये मोजतं. किती वीज गेली त्यावर किती चांदी चढली ते ठरतं, तेव्हा हा आकडा म्हणजे मुलाम्याच्या धंद्यातलं मीठ. येफिमियाला फोन केला. माझी मुलगी, नोवी सादला शाळेत फिजिक्स शिकवते. म्हणाली, "बाबा, एक अँपिअर-तास म्हणजे तीन पूर्णांक सहा किलोकूलोम. तुझ्या वहीतल्या जुन्या आकड्याला तीन पूर्णांक सहाने गुणायचं. बस्स. भिंतीवर लिहून ठेव." मी म्हटलं, मी सव्वीस वर्षं मुलामा चढवतोय. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

भिंतीवर खडूनं हातभर मोठं लिहिलं: ३.६.

संकल्प: वहीत एकशे चाळीस वस्तूंचे आकडे आहेत. रोज वीस नव्या मापात लिहून काढायचे. रविवारी रात्रीपर्यंत काम संपलेलं असेल.

५ सप्टेंबर, बुधवार
आकडे: शून्य. मशीनचा खोका उघडण्यात काल गेला आणि खोका कुठे ठेवायचा यावर विदोसावाशी बोलण्यात आज. बायको म्हणते जाळ. चांगला खोका आहे, मी जाळणार नाही.

९ सप्टेंबर, रविवार
रविवारी हिशेब करणं बरं नव्हे. उद्या चाळीस.

११ सप्टेंबर, मंगळवार
आज संत योहानाचं शिर कापलं तो दिवस. कडक उपास. आज आमच्याकडे सुरीला हात लावत नाहीत आणि गोल काही खात नाहीत. विचार केला, शून्यही गोलच की. आठाला तर दोन पोटं. आकडेमोड खाण्यात मोडत नाही हे खरं, पण पाळायचं तर नीट पाळावं. वही मिटून ठेवली.

विदोसावाला सांगितलं. ती म्हणाली, "डोकंही गोलच आहे तुझं, ते वापरलं नाहीस म्हणजे उपास पुरा झाला."

१४ सप्टेंबर, शुक्रवार
आमच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे फादर वितोमिर, नातवंडांचा माणूस, स्वतः आले. गावच्या चर्चमधल्या संत पेत्काच्या तसबिरीवरचं कवच त्यांनी चादरीत गुंडाळून आणलं होतं. तांब्याचा घडवलेला पत्रा, वर चांदी. चेहरा आणि हात पत्र्यातच उठवलेले. चांदी सगळीकडून काळवंडलेली. सत्तावीस ऑक्टोबरला माईचा सण, त्याआधी नवा मुलामा हवा.

या कवचाला मी चालायला लागायच्या आधीपासून ओठ लावत आलोय. आई मला उचलून धरायची. फादरना म्हटलं, "वीस मायक्रॉन चांदी चढवतो. तुमच्या नातवाचं लग्न होईपर्यंत बघायला नको."
फादर म्हणाले, "ओब्राद, मला मायक्रॉन कळत नाही. टिकेल ना?"
मी म्हटलं, शब्द देतो.

वहीत याच आकाराच्या कवचाची नोंद सापडली. वीस मायक्रॉनला ५.२. सोपं आहे.

२२ सप्टेंबर, शनिवार
आज बसून विचार केला. एकशे चाळीस आकडे लिहून काढणं ही शाळकरी पोराची रीत झाली. समजलं की झालं. आमच्या गावच्या शाळेत चार वर्गांना एक खोली होती आणि एक मास्तर. ते म्हणायचे, कळलेलं गणित सुटलेलंच असतं. मी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश वाचली आणि प्रत्येक आकड्याला मनात गुणलं. त्या अर्थानं वही बदलून झाली. फक्त लिहायचं राहिलंय.

फार हलकं वाटतंय.

२६ सप्टेंबर, बुधवार
नव्या मशीनची नळी चर्चच्या पंचांगाच्या आड येत होती. पंचांग दुसऱ्या भिंतीवर नेलं. तिथे खिळा एकच होता, बरोबर ३.६ च्या डोक्यावर. आकडा झाकला गेला. पण आता तो मला पाठ आहे, आणि सणवार नजरेसमोर हवेत.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
काम झालं! देवाचे आभार.

सकाळी तोंडात पाण्याचा थेंब न घालता कारखान्यात गेलो. कवच धुतलं, मागच्या बाजूला चांदी चढू नये म्हणून पाठीला लाखेचा हात दिला, टाकीत सोडलं. वही उघडली: ५.२. वही बदलून झालेलीच आहे, म्हणून सरळ ५.२ लावलं. जपमाळ घेतली. मी घड्याळ बघत नाही. शंभर गाठींची लोकरीची माळ आहे. एका गाठीला एकदा "प्रभू, दया कर". जुन्या मशीनवर एवढ्या कामाला माळ साडेतीन वेळा फिरून वर थोड्या गाठी व्हायच्या. आज पहिली फेरी संपते न संपते तोच मशीननं शिटी मारली.

क्षणभर चरकलो. मग लक्षात आलं, नवं मशीन आहे. जोर असणारच. माणसं चंद्रावर जाऊन आली, मी अजून साडेतीन माळांत अडकलोय.

वजन करून बघायचं होतं, किती ग्रॅम चढली ते. पण कवच ओलं होतं, आणि दुधासारखं पांढरं दिसत होतं. अशा वेळी तराजू काढणं म्हणजे माईवर संशय घेणं.

२७ ऑक्टोबर, शनिवार
माईचा सण. कवच असं लखलखत होतं की बायका ओठ लावायच्या आधी त्यात डोक्यावरचा रुमाल सारखा करून घेत होत्या. फादर वितोमिर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे आपल्या ओब्रादचं काम." मी मान खाली घातली. बाहेर राकियाचे तीन पेले झाले, तिन्ही दुसऱ्यांनी पाजले.

घरी येताना विदोसावा म्हणाली, "मान खाली घालून इतकं कुणाला फुगलेलं पाहिलं नव्हतं." ती थकली होती.

संकल्प: गर्व सोडायचा. आणि वही लिहून काढायची.

१९ डिसेंबर, बुधवार
आमच्या घराण्याच्या संत निकोलाचा दिवस. उपासाचे दिवस, म्हणून मासळी. पाहुण्यांनी कवचाचा विषय काढला. मी काढला नाही, फक्त टाळला नाही.

वही: उद्यापासून.

१२ जानेवारी, शनिवार
आज गावात ऐकलं ते असं.

पेत्कामाईचा उजवा हात लाल झालाय. लोक जिथे ओठ लावतात, बरोबर तिथे. आधी बोटांची टोकं झाली, आता तळवा. स्तामेंकाआजीनं पहिल्यांदा बघितलं. आजी चौऱ्याऐंशीची, दर शनिवारी चर्च झाडते-पुसते. बायका म्हणतात माईच्या हाताला रक्त फुटलंय, आपल्यासाठी विनवण्या करून करून.

तडक गेलो. खरंच लाल. गुलाबीसर लाल, जिवंत माणसाच्या तळव्यासारखा. मी गुडघे टेकले आणि रडलो. पन्नाशी आली, दमलेला माणूस मी, काही मागायचंही सुचलं नाही. ज्या पत्र्याला माझा हात लागला त्यातून माईनं हात पुढे केला! माझी लायकी काय?

१४ जानेवारी, सोमवार
जुन्या पंचांगानुसार आज नवं वर्ष. कारखान्यातलं गेल्या वर्षीचं पंचांग काढून नवं लावायला गेलो. खाली खडूचं ३.६.

बराच वेळ खुर्चीवर बसलो.

१५ जानेवारी, मंगळवार
घाई करायची नाही. वहीत ५.२ आहे. तो जुना आकडा की बदललेला? मी सप्टेंबरमध्ये वही बदलली होती. मनात. पण मनात बदललेला आकडा कागदावर कसा उमटेल, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

१७ जानेवारी, गुरुवार
पाच पूर्णांक दोनला तीन पूर्णांक सहाने गुणलं. अठरा पूर्णांक सात. म्हणजे मशीनला अठरा पूर्णांक सात लावायला हवं होतं, मी पाच पूर्णांक दोन लावलं. वीस मायक्रॉनऐवजी साडेपाच चढली. ओठ, पुसायचं फडकं आणि तीन महिने, आणि खालचं तांबं वर आलं.

उलटा ताळा केला. जमला. सबंध आयुष्यात माझं एवढं एकच गणित दोन्हीकडून जमलंय.

१८ जानेवारी, शुक्रवार
पण असंही बघता येईल. देवाला चमत्कार करायचा असेल तर तो माणसाच्या हातूनच करणार. मग मी वही लिहून काढली नाही ती कुणाच्या इच्छेनं? आळस माझा, हे मान्य. पण इतका लांब आळस एकट्या माणसाचा असू शकतो का?

विदोसावाला हा विचार सांगितला, मूळ गोष्ट न सांगता. ती म्हणाली, "तुझा आळस देवानं दिलेला आहे याबद्दल मला शंका कधीच नव्हती."

३ फेब्रुवारी, रविवार
चर्चला शिरायला जागा नाही. खालच्या दोन गावांतून माणसांनी भरलेली बस आली. एक बाई लंगड्या नवऱ्याला घेऊन. तो हाताला ओठ लावताना मी खांबामागे उभा होतो. येत्या रविवारी फादरना सगळं सांगायचं. ठरलं.

१० फेब्रुवारी, रविवार
गर्दी फार होती. फादर दमलेले दिसले. पुढच्या रविवारी.

२० फेब्रुवारी, बुधवार
फादर वितोमिरच कारखान्यात आले. बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "मला चमत्काराची भीती वाटते, ओब्राद. चमत्कार आला की मागून कागद येतात."

कागद आलाय. बिशपच्या कचेरीतून तीन जण वीस मार्चला पाहणीला येणार. त्याआधी मुलामा चढवणाऱ्याचा लेखी जबाब हवा: चांदी वीस मायक्रॉन होती, इतक्या लवकर झिजणं शक्य नाही. खाली माझी सही आणि शिक्का.

"तूच सांगितलं होतंस ना, वीस?" फादरनी विचारलं.
"सांगितलं होतं," मी म्हटलं. हे खरंच आहे. सांगितलं होतं.

सही केली तर देवाच्या दारात खोटी साक्ष. नाही केली तर सव्वीस वर्षांचं नाव गेलं. पुढे कुठलं चर्च ओब्रादकडे धूपदाणी पाठवेल?

२५ फेब्रुवारी, सोमवार
शिक्क्याची शाई वाळली आहे. शाईशिवाय जबाबाला अर्थ नाही. शाई मागवली.

१ मार्च, शुक्रवार
शाई आली. निळी आली. काळी मागवली.

६ मार्च, बुधवार
येफिमियाला फोन केला. सहज विचारलं, समजा एखाद्यानं जुना आकडा तसाच नव्या मशीनला लावला, तर ती चूक म्हणायची की मापातला फरक? ती म्हणाली, "बाबा, काय केलंस?"
मी म्हटलं, एका ओळखीच्या माणसाचं विचारतोय.
"त्या ओळखीच्या माणसाला सांग, भिंतीकडे बघ म्हणावं."
शिकलेल्या मुलीशी बोलणं अवघड.

११ मार्च, सोमवार
मोठा उपास आजपासून. काळी शाई आली. काळीच.

संकल्प: या उपासात मांस, दूध, अंडी आणि सबबी वर्ज्य.

१४ मार्च, गुरुवार
पापाची कबुली द्यायला गेलो. सोबत आकडेमोडीचा कागद होता, म्हणजे फादरना पडताळून बघता येईल.

फादरनी गळ्यातला लांब पट्टा माझ्या डोक्यावर टाकला. पट्ट्याखाली अंधार, धूपाचा वास. मी सुरुवात केली. अँपिअर-तास, किलोकूलोम, वही, शाळेचे मास्तर. बऱ्याच वेळानं फादर म्हणाले, "ओब्राद, माझे पाय दुखतात. थोडक्यात काय ते सांग."
"चांदी कमी चढवली, फादर. साडेतीन भाग हवी होती तिथे एकच भाग."
"म्हणजे पावच चढवलीस?"
"पावाहून थोडी जास्त. सत्तावीस पूर्णांक आठ टक्के."
फादरनी माझ्या डोक्यावरचा पट्टा सारखा केला.
"तो लाल रंग?"
"तांबं."
फादरनी सुस्कारा सोडला. निराशेचा असेल असं वाटलं होतं, पण जड पोतं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा होता. म्हणाले, "बिशपच्या कचेरीला मी कळवतो. तू मुलामा पुन्हा चढव, नीट. आणि त्याआधी स्तामेंकाआजीला तू स्वतः जाऊन सांग. हेच तुझं प्रायश्चित्त."
मी म्हटलं, त्यापेक्षा हजार दंडवत घालतो.
म्हणाले, "म्हणूनच दंडवत सांगितले नाहीत."

१५ मार्च, शुक्रवार
आजी अंगणात चुलीतली राख चाळत होती. मला बाकावर बसवलं, अक्रोड दिले. मी सरळ बोललो. लाल ते रक्त नव्हे, आजी, तांबं आहे. चूक माझी.

आजीनं चाळणी थांबवली नाही. "मला सांगतोस? माझा नवरा चाळीस वर्षं तांबट होता. तांबं न ओळखायला मी काय पाव्हणी आहे इथली?"
"तुम्हाला माहीत होतं?"
"नोव्हेंबरातच. दर शनिवारी या राखेनं कवच कोण घासतं? आधी करंगळी लाल झाली."
"मग बोलला का नाहीत?"
"बोलले की. म्हटलं, माईचा हात लाल झालाय. खोटं होतं का? पुढचं सगळं बायांनी केलं." मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "आणि खरं सांगू, मला वाटलं तू हे मुद्दाम केलंस. हातावरच पातळ ठेवलंस. म्हटलं, ओब्राद दिसतो बावळट, पण काय खोल डोकं! बसा भरून माणसं आणली पोरानं माईच्या दाराशी. मी म्हणून तोंड मिटून बसले, तुला त्रास नको."

मी कागद काढला. जुनं माप, नवं माप, तीन पूर्णांक सहा, सगळं समजावलं. आजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"म्हणजे नुसती चूक?"
"हो."
"मुद्दाम काहीच नाही?"
"नाही."
"अरेरे," आजी म्हणाली, आणि पुन्हा राख चाळायला लागली.

इतकी निराशा माझ्याबद्दल आजवर कुणाला झाली नव्हती. येफिमियालासुद्धा नाही.

१९ मार्च, मंगळवार
कवच पुन्हा केलं. जुना मुलामा उतरवला, अठरा पूर्णांक सात लावलं. माळ साडेतीन वेळा फिरून वर दहा गाठी. आधी आणि नंतर वजन केलं, एकवीस ग्रॅम चढले. विदोसावानं तराजूचा आकडा वाचून कागदावर लिहिला, कारण तिचा माझ्यावर विश्वास नाही. मग म्हणाली, "ये, जेवून घे. घेवडा गार होतोय." कबुलीच्या दिवशी तिला सगळं सांगितल्यापासून आज पहिल्यांदाच नीट बोलली.

वहीतले आकडे आजच लिहायला घेतले. तीन झाले.

२४ मार्च, रविवार
पूजेनंतर फादरनी सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. त्याचा उपयोग झाला नाही, कारण सगळे वळून माझ्याकडेच बघत होते. खालच्या गावचा एक जण दाराशी म्हणाला, "मेस्त्री, तुमच्यापेक्षा तुमची चूक बरी होती." बस भरून आली तशी भरून गेली.

लंगड्याला मी शोधत होतो. त्याच्या बायकोनं मला पाहून न पाहिल्यासारखं केलं.

३१ मार्च, रविवार
बस आली नाही.

माईचा हात पांढराशुभ्र. मी जवळून बघितला, कुठे डाग नाही, कडा भरलेल्या. स्तामेंकाआजीनं ओठ लावले, बाहीनं हात पुसला, नीट निरखला. "पक्कं बसलंय," म्हणाली. "हे आता माझ्या राखेला दाद देणार नाही." आणि मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

चांदी वीस मायक्रॉन. माणसं सहा, फादर धरून.